घंटेच्या आधी येणारा नंबर
(प्रस्तावना)

मोडेमच्या खोक्यावर ‘कॉलर आयडी’ आणि ‘व्हॉइस’ हे दोन शब्द ठळक छापलेले असतात. ते खरेही असतात. तरीही तोच मोडेम न्हावऱ्यात आणून फोनच्या तारेला जोडला, की समोरच्याचा नंबर दिसेलच असं नाही. यात कंपनीची लबाडी नसते. ज्या तारेसाठी तो घडवला ती तार वेगळ्या देशातली असते, एवढंच. म्हणून मोडेमची पारख दुकानातल्या काउंटरवर होत नाही. ती आपल्याच एक्सचेंजवरून येणाऱ्या आपल्याच तारेवर करावी लागते. ती कशी करायची, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

न्हावरे हे शिरूर–चौफुला रस्त्यावरचं गाव. एका अंगाला घोड नदी, दुसऱ्या अंगाला भीमा; भीमा ओलांडली की दौंड तालुका. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचं नाव पंचक्रोशीबाहेर गेलं. या पट्ट्यात फोनवर विचारल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात: उसाची तोड कधी, टोळी कुठवर आली, बिल कधी निघणार, युरिया आला का, पतसंस्था शनिवारी किती वाजेपर्यंत उघडी असते. आणि हे प्रश्न पडण्याची वेळ कचेरीची नसते. थ्री फेज लाइट रात्री असली, की माणूस दारं धरायला रात्रीच रानात असतो. त्याला आठवण होते ती पहाटे पाचला, आणि तेव्हा पलीकडच्या टेबलावर फोन उचलायला कोणी नसतं.

अशा वेळी फोनने स्वतः उठावं, नमस्कार करावा, नंबर टिपून घ्यावा आणि माणसाचं म्हणणं त्याच्याच आवाजात ठेवून घ्यावं, ही मागणी फार मोठी नाही. त्यासाठी महागडी यंत्रणा विकत मिळते. पण कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, छोटी पतसंस्था किंवा एकट्या डॉक्टरचा दवाखाना यांच्यापाशी जुना संगणक पडून असतो, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात व्हॉइस मोडेम थोडक्या पैशांत मिळू शकतो. पुस्तिकेचा वाचक हा आहे: ज्याच्या हाताशी यंत्र आहे, गरज आहे, पण ते चालेल की नाही याचा भरवसा नाही.

मोबाइलच्या काळात तारेच्या फोनची ही उठाठेव कशाला, असं कोणीही विचारेल. त्याला व्यवहारातलं उत्तर आहे. संस्थेचा नंबर पाटीवर रंगवलेला असतो, पावतीपुस्तकावर छापलेला असतो, लोकांच्या डायऱ्यांत वर्षानुवर्षं लिहिलेला असतो. कारकून बदलला की त्याचा मोबाइल त्याच्याबरोबर जातो; संस्थेचा नंबर मात्र टेबलावर राहतो. शिवाय तांब्याची तार जाऊन फायबर आली तरी भिंतीवरच्या डब्यातून फोनची जुनीच पिन बाहेर येते. म्हणजे प्रश्न संपलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. त्याविषयी पुढे.

आधी कॉलर आयडी समजून घेऊ. जुन्या स्ट्रोजर किंवा क्रॉसबार एक्सचेंजमध्ये कोण बोलावतंय हे बोलावल्या जाणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी डिजिटल एक्सचेंज आली, एक्सचेंज-एक्सचेंजमध्ये कॉलबरोबर नंबरही पुढे पाठवला जाऊ लागला, तेव्हा ते शक्य झालं. आपल्याकडे खेड्यापर्यंत हे पोचवण्यात सी-डॉटचा वाटा मोठा आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा तिच्या उभारणीत होते, आणि तिचं १२८ पोर्टचं ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला प्रथम सुरू झालं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारं एक्सचेंज ही त्या काळी खेड्याची खरी गरज होती. गावोगावी हाताने जोडून मिळणाऱ्या ट्रंक कॉलची जागा थेट डायल करण्याने घेतली ती अशा यंत्रांमुळे.

एक्सचेंजपर्यंत नंबर आला, तरी शेवटच्या टप्प्यात तो आपल्या घरच्या दोन तारांवरून यंत्रापर्यंत यायचा असतो. साध्या फोनसाठी या दोन तारांवर बोलणं आणि घंटा एवढंच चालतं, म्हणून नंबरही आवाजाच्याच रूपात पाठवावा लागतो. तो कसा पाठवायचा याबाबत जगाचं एकमत झालं नाही, आणि आपल्या मोडेमचं दुखणं इथेच सुरू होतं.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा आली तेव्हा तिथल्या कंपन्यांनी एफएसके ही पद्धत घेतली. १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर, सेकंदाला १२०० बिट, आणि वेळ पहिल्या व दुसऱ्या घंटेच्या मधली. म्हणजे आधी घंटा, मग नंबर. भारतात तारेच्या फोनवर मोठ्या प्रमाणात चालली ती डीटीएमएफ पद्धत. फोनची बटणं दाबताना जे दुहेरी सूर ऐकू येतात, त्याच सुरांत एक्सचेंज आपल्याला नंबर ‘डायल’ करून सांगतं, आणि तेही पहिल्या घंटेच्या आधी. दहा आकडे एक-दीड सेकंदात येऊन जातात. मग घंटा वाजते. काही एक्सचेंजेस एफएसकेही वापरतात, पण ग्राहकाला हे कोणी सांगत नाही. साधा कॉलर आयडी फोन विकणाऱ्या कंपन्यांनी यावर सोपा तोडगा काढला: यंत्राने दोन्ही पद्धती ओळखायच्या. त्यामुळे स्वस्तातला फोन नंबर दाखवतो आणि त्याच तारेवरचा मोडेम गप्प बसतो, असं चित्र दिसतं. मोडेम बिघडलेला आहे, असा समज होतो तो यातूनच.

अमेरिकन पद्धतीवर घडवलेला मोडेम फोन ठेवलेला असताना तारेकडे लक्ष देत नाही. घंटेचा दाब आला की तो जागा होतो आणि त्यानंतरच्या शांततेत कान देतो. आपला नंबर तोवर येऊन गेलेला असतो. एसटी निघून गेल्यावर थांब्यावर येऊन उभं राहावं, तसं हे. कितीही चांगला कान असला तरी उपयोग नाही, कारण ऐकायची वेळच चुकलेली असते. म्हणून पुस्तिकेतली पहिली कसोटी हीच आहे: हा मोडेम घंटेच्या आधी ऐकतो का, आणि ऐकलं तर त्याला डीटीएमएफ कळतं का?

हा फरक आपल्या कल्पनेतला नाही, याचा चांगला पुरावा परदेशी प्रोग्रॅममध्येच सापडतो. ॲस्टेरिस्क हा संगणकाला टेलिफोन एक्सचेंज बनवणारा मुक्त प्रोग्रॅम. तारेच्या कार्डासाठी त्यात जी मांडणीची फाइल असते, तिच्यात नंबर कोणत्या पद्धतीने येणार यासाठी बेल, व्ही.२३, जपानी व्ही.२३ आणि डीटीएमएफ असे पर्याय आहेत. नंबर येण्याची खूण कोणती, यासाठी आणखी एक यादी आहे आणि तीत भारताच्या नावाचा स्वतंत्र पर्याय आहे: दोन तारांची ध्रुवता पलटली की समजायचं, आता डीटीएमएफमध्ये नंबर येतोय. म्हणजे ज्यांनी जगभरच्या तारा हाताळल्या, त्यांना भारतासाठी वेगळी ओळ लिहावी लागली. गंमत अशी, की ॲस्टेरिस्कसाठी सुरुवातीला लोकप्रिय झालेलं एक्स-१००-पी हे कार्ड मुळात एका साध्या मोडेमच्याच चिपवर बनलेलं होतं. तेव्हा अडचण मोडेमच्या लोखंडात कमी आणि त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये जास्त असते.

मोडेमशी बोलायची भाषा जुनी आहे. डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ मध्ये काढलेल्या स्मार्टमोडेमपासून ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ झाल्या आणि त्या आजही चालतात. संगणकावरून एटी+व्हीसीआयडी=१ असं पाठवलं की मोडेम नंबर दाखवायला तयार होतो; रॉकवेलच्या जुन्या चिपवर हीच आज्ञा हॅश खुणेच्या रूपात मिळते. एटी+जीसीआय ही आज्ञा देश सांगते, आणि भारताचा संकेत ५३ आहे. बरेच जण ही आज्ञा देतच नाहीत, मोडेम अमेरिकेच्या नावावर चालू राहतो आणि सूर, घंटा, कॉलर आयडी सगळंच थोडं थोडं चुकतं. काही चिप्समध्ये देश बदलल्यावर डीटीएमएफ ऐकण्याची सोय जागी होते, काहींत ती नसतेच. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. करून बघण्यावाचून कळत नाही.

आणि ही सोय नसली तरी दारं बंद होत नाहीत. डीटीएमएफचं एफएसकेमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी तारेत बसवता येते. हाताने जोडकाम करणाऱ्यासाठी मायटेलची ८८७० ही डीटीएमएफ ओळखणारी चिप आहे. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी ८०५१ मायक्रोकंट्रोलरला ती जोडून प्रोजेक्ट पुरं केलं असेल, त्याला मोजदाद नाही. गावातल्या अशाच एखाद्या मुलाकडून ती जोडणी करून घेतली, तर नंबर टिपायचं काम चिप करील आणि मोडेमकडे फक्त आवाज राहील. पुस्तिकेत या वाटेला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, आणि माझ्या मते न्हावऱ्यासारख्या ठिकाणी हीच वाट सर्वांत भरवशाची आहे.

नंबर आला, तरी तो कोणत्या रूपात आला हे बघावं लागतं. शिरूरचा एसटीडी कोड ०२१३८, दौंडचा ०२११७. शिरूरच्या तारेचा नंबर सहा आकडी. कोडातलं पुढचं शून्य सोडून मोजलं तर एकूण दहा आकडे होतात, म्हणजे मोबाइलइतकेच. पण प्रत्यक्षात कधी पुढे शून्य लागून येतं, कधी देशाचा ९१ लागून येतो, तर त्याच भागातल्या फोनवरून कोडाशिवाय सहाच आकडे येऊ शकतात. १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावं लागतं, त्यामुळे परत फोन लावणारा प्रोग्रॅम असेल तर तेही सांभाळायला हवं. सभासदांच्या यादीशी नंबर जुळवताना शेवटचे दहा आकडे ताडायचे आणि सहाच आले तर आपला कोड जोडायचा, एवढा नियम केला की बहुतेक गोंधळ मिटतो. १४० ने सुरू होणारे जाहिरातींचे फोन याच पायरीवर बाजूला काढता येतात.

आता आवाज. साधा मोडेम डेटा आणि फॅक्स एवढंच जाणतो. मोडेमला एटी+एफक्लास=? असं विचारल्यावर उत्तरात ८ हा आकडा आला, तर तो आवाजही हाताळतो. या आज्ञांना आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने (आयटीयू) १९९८ मध्ये व्ही.२५३ या नावाने प्रमाणित रूप दिलं, पण त्याआधीचे मोडेम आपापल्या बोलीत बोलतात. मग एटी+व्हीएसएम=? विचारून आवाज कोणकोणत्या स्वरूपात साठवता येतो ती यादी घ्यायची. इथे थोडं गणित करावं. सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी एक बाइट, म्हणजे मिनिटाला ४,८०,००० बाइट. एक अब्ज बाइटच्या जागेत जवळजवळ ३५ तास आवाज बसतो. तेव्हा जागेची काळजी आज करायची नाही. काळजी करायची ती पोर्टच्या वेगाची. प्रत्येक बाइटमागे दहा बिट धरले तर सेकंदाला ८०,००० बिट वाहतात. सीरियल पोर्ट ५७,६०० वर ठेवलेला असेल तर आवाज तुटक येणारच. तो १,१५,२०० वर न्यायला हवा. ‘आवाज खराब आहे’ या तक्रारीमागे कधी कधी इतकंच कारण असतं.

फोनची तार साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमधलाच आवाज नेते. त्याच्या वरचं सगळं गाळलं जातं, आणि त्यात स, श, च, छ यांची धार बोथट होते. त्यात मोडेमने आवाज आणखी दाबून साठवला, म्हणजे नमुन्यामागे आठऐवजी चार किंवा दोनच बिट वापरले, तर साठ की सात, सदुसष्ट की अडुसष्ट, हे उमगत नाही. निरोपात नेमकं हेच महत्त्वाचं असतं: गट नंबर, खाते नंबर, टनेज, तारीख. म्हणून आवाजाची परीक्षा ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ अशी घेऊ नये. एकाने रानातून, वारा असताना, मोबाइलवरून दहा फसव्या संख्या आणि पाच आडनावं सांगावीत. दुसऱ्याने, ज्याला त्या ठाऊक नाहीत अशाने, नोंदलेला आवाज ऐकून त्या लिहून काढाव्यात. किती बरोबर आल्या तेवढे मोडेमचे गुण. याहून प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही.

आवाजाच्या मोडेमकडून आणखी एक अपेक्षा असते. आपला नमस्कार चालू असतानाच समोरच्याने बटण दाबलं, तर ते त्याला कळलं पाहिजे. ‘उसाच्या नोंदीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा’ हे सगळं त्यावर उभं आहे. काही मोडेम स्वतःच्याच आवाजाने बहिरे होतात. नमस्कार संपेपर्यंत त्यांना बटण ऐकू येत नाही, किंवा उलट, नमस्कारातल्या एखाद्या उंच सुरालाच ते बटण समजून बसतात. बाईचा आवाज, पुरुषाचा आवाज, दोन्हींत नमस्कार नोंदवून ही परीक्षा घ्यावी.

मात्र सगळ्यात जास्त मोडेम नापास होतात ते फोन ठेवण्याच्या परीक्षेत. समोरच्याने बोलणं संपवून फोन ठेवला, हे मोडेमला कळायचं कसं? काही देशांत एक्सचेंज तारेतला प्रवाह क्षणभर तोडून तशी खूण देतं. आपल्याकडे बहुधा एंगेज टोनवरूनच ओळखावं लागतं: ४०० हर्ट्झचा सूर, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला एंगेज टोन वेगळ्या दोन सुरांचा आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा असतो. मोडेम तो शोधत बसतो, आपला टोन त्याला माणसाचं बोलणंच वाटतं, आणि वीस सेकंदांच्या निरोपापाठोपाठ टूंऽ टूंऽ असा आवाज मिनिटामागून मिनिटं नोंदला जातो. तेवढा वेळ तार अडकून पडते आणि पुढच्या माणसाला एंगेज लागतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये तीन कुंपणं असावीत: टोन ओळखला तर तोडा, ठरावीक सेकंद शांतता असली तर तोडा, आणि दोन्ही चुकलं तरी दोन मिनिटांनी तोडाच. तिसरं कुंपण नसलेला प्रोग्रॅम कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

मोडेम आणि प्रोग्रॅम उत्तम असले, तरी तार आणि वीज आपली असते. खांबावरून येणारी तार, गंजलेले जोड, पावसाळ्यातली खरखर यांत पहिला बळी कॉलर आयडीचा जातो, कारण दहापैकी एक आकडा निसटला तरी नंबर फुकट जातो. त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटर लावल्याशिवाय मोडेमची परीक्षा घेणं व्यर्थ आहे. दुसऱ्या खोलीतला समांतर फोन कोणी उचलला की निरोप अर्धवट तुटतो. तोही काढून ठेवून बघावं. वळवाच्या पावसात वीज चमकली की मोडेम जळतात, म्हणून तारेवर सर्ज रोखणारी डबी हवीच आणि तिला खरं अर्थिंग हवं. लाइट गेली-आली की बहुतेक मोडेम नंबर दाखवण्याची आज्ञा विसरतात. प्रोग्रॅम ती दर वेळी नव्याने देतो का, हे बघण्यासाठी मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू करावा. ज्या गावात भारनियमनाची सवय आहे, तिथे ही परीक्षा आधी घ्यावी; बाकीच्या नंतर.

फायबरच्या जोडणीत चित्र पालटतं. तिथे आपल्या भिंतीवरचा डबाच शेवटचं एक्सचेंज असतो. घंटा तोच वाजवतो, टोन तोच देतो आणि नंबर डीटीएमएफमध्ये द्यायचा की एफएसकेमध्ये, हेही त्याच्या मांडणीत ठरतं. त्यामुळे गावच्या एक्सचेंजबद्दल जमवलेलं ज्ञान तिथे लागू पडेलच असं नाही. शेजारच्या दोन घरांतही दोन पद्धती असू शकतात. चांगली गोष्ट ही, की जोडणी करणाऱ्याला विनंती करून ती मांडणी बदलून मिळण्याची शक्यता असते. तांब्याच्या तारेवर अशी विनंती कोणी ऐकली नसती.

सिमकार्ड घालायचे जीएसएम मोडेम हा तिसरा मार्ग. तिथे एटी+क्लिप=१ एवढी आज्ञा पुरते, कारण नंबर डिजिटल संकेतातून सरळ येतो; सुरांचा आणि घंटांचा घोळच नाही. पण आवाज हाताळण्याची सोय सगळ्यांत नसते, आणि टूजीवर चालणारं जुनं मॉड्यूल टूजी नसलेल्या जिओच्या सिमवर चालत नाही. तरी या भागातल्या शेतकऱ्याला हा मार्ग परका नाही. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करणं आणि लाइट आहे की नाही ते जाणणं शक्य केलं, त्यानंतर मोबाइल स्टार्टर खेडोपाडी पोचले. स्टार्टर पेटीतला मोडेम मालकाचा नंबर ओळखून मोटर सुरू करतो, हे रोज बघणाऱ्याला कॉलर आयडीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. मिस्ड कॉल देऊन काम साधणारा आपला समाज तर कॉलर आयडीचा सर्वांत काटकसरी वापर करणारा म्हणायला हवा: फोन उचलायचा नाही, पैसा खर्चायचा नाही आणि निरोप मात्र पोचवायचा.

तरीही एक सावधगिरी पुस्तिकेत जागोजागी दिसेल. पडद्यावर दिसतो तो नंबर, माणूस नव्हे. घरातला एकच मोबाइल बाप, मुलगा आणि सून वापरतात. परदेशातून फोन करून भारतातला नंबर दाखवण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारला ते रोखणारी यंत्रणा उभारावी लागली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये नंबराबरोबर नावही दाखवण्याची शिफारस केली. तेही सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं. म्हणून आलेल्या नंबरावरून कोणाला परत फोन करायचा ते ठरवावं, पण कोणाचं बिल काढायचं किंवा कोणाची तोड पुढे घ्यायची, ते ठरवू नये. तसंच नमस्कारातच ‘तुमचा निरोप नोंदवला जात आहे’ हे स्पष्ट सांगावं, काम झाल्यावर तो पुसावा आणि दुसऱ्या कोणाला ऐकवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधोरेखित केली आहे. पण लोकांचं म्हणणं विश्वासाने ठेवून घेणाऱ्या संस्थेला ती कायद्याआधीही होतीच.

आवाजाच्या निरोपावर इतका भर का, याचंही उत्तर द्यायला हवं. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेलं किसान कॉल सेंटर आजही आवाजावर चालतं, आणि छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वराने लोकांच्या बातम्या त्यांच्या बोलीत फोनवरच नोंदवल्या. जो माणूस अर्ज लिहायला दुसऱ्याला गाठतो, तो फोनवर आपली अडचण नीट, मुद्देसूद सांगतो. मेसेजमध्ये तो दोन शब्द टाकील. बोलताना पाण्याची पाळी, उसाचं वय, टोळीशी झालेला वाद सगळं येतं. संस्थेने ते ऐकून सकाळी दहाच्या आत परत फोन केला, तर यंत्राचं काम झालं. तसा परत फोन जाणार नसेल, तर मोडेम घेऊच नये. निरोप घेऊन उत्तर न देणारं यंत्र बंद फोनपेक्षा वाईट, कारण ते आशा लावतं.

पुस्तिका तीन भागांत आहे. पहिल्यात तार ओळखायची: आपल्याकडे नंबर कोणत्या पद्धतीने येतो, साध्या कॉलर आयडी फोनच्या आणि समांतर लावलेल्या ध्वनिमुद्रणाच्या मदतीने ते कसं शोधायचं. दुसऱ्यात मोडेम पारखायचा: आज्ञा, देश, नंबर, आवाज, बटणं, फोन ठेवणं, लाइट जाणं, याच क्रमाने. तिसऱ्यात प्रोग्रॅम मांडायचा आणि निरोपांची रोजची व्यवस्था लावायची. ज्याला घाई आहे त्याने दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण मोडेम नापास झाला तर पहिल्याकडे परत यावं; दोष कोणाचा हे तिथे कळतं.

खरेदी करणाऱ्याला माझा सल्ला थोडक्यात असा. परत घेण्याच्या बोलीवरच मोडेम आणावा. त्याच एक्सचेंजचा फोन, शिरूरचा दुसरा फोन, दौंडकडचा फोन, दोन कंपन्यांचे मोबाइल आणि जमल्यास परदेशातल्या नातेवाइकाचा फोन, अशा सगळ्यांकडून घंटा वाजवून घ्यावी आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते लिहून ठेवावं. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरा तक्ता दिला आहे. त्यात एक्सचेंज, तारेचा प्रकार, मोडेमची चिप आणि निकाल असे रकाने आहेत. न्हावऱ्याचा, शिरूरचा, मांडवगणचा, केडगावचा तक्ता एकमेकांशेजारी ठेवला, की पुढच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराचा शब्द आणि खोक्यावरची अक्षरं यांच्यावर विसंबून राहावं लागणार नाही. त्या यादीची पहिली ओळ तुम्ही भरावी, अशी विनंती आहे.